मे महिन्याची प्रत

गणपतीच्या चवथीला पाच दिवस उरले होते. पेडणे तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या चिटणीसांचा फोन आला. फोनवर बराच वेळ नुसता पावसाचा आवाज, मग एकच वाक्य : "सगळां गेलां मरे!"

डिचोलीच्या बाजारात माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. 'सगळे गेले' हे मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. बहुतेक वेळा प्लग निघालेला असतो, किंवा फाइल भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन बसलेली असते. चिटणीस मात्र घाबरट माणूस नव्हेत. मी शटर ओढले आणि अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, धारगळ असा मोटारसायकलवरून भिजत पेडणे गाठले.

खरोखरच गेले होते. सगळे नव्हे, पण जे जायला नको होते नेमके तेच. संस्थेच्या प्रोग्रॅमचा डेटा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये राहतो. त्यात सभासदांचे एक टेबल, दराचे एक, पैसे दिल्याचे एक, आणि सर्वांत मोठे टेबल दूध संकलनाचे : तारीख, सकाळ की संध्याकाळ, खाते क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ. त्या टेबलात पाच वर्षांचे दूध होते. आता त्यात एकोणीस ओळी होत्या.

झाले होते असे. हिशेब लिहिणारी मुलगी चवथीच्या आधी चुकते करायचे म्हणून सकाळपासून बसलेली. मशीन फार हळू चालते, म्हणून कोणीतरी तिला सांगितलेले की तात्पुरत्या नोंदींचे एक टेबल आहे, ते रिकामे केले की वेग येतो. डेटाबेस हाताळायच्या पडद्यावर प्रत्येक टेबलाच्या नावापुढे बटणांची रांग असते, आणि तिच्या टोकाला 'एम्प्टी' आणि 'ड्रॉप' ही दोन बटणे शेजारी शेजारी बसलेली. एक टेबल रिकामे करते, दुसरे टेबलच उडवते. तिने बटण बरोबर दाबले, ओळ चुकली. मशीनने विचारले, खात्री आहे ना? तिने हो म्हटले. असे प्रश्न दिवसातून तीसदा विचारले की माणूस तीसदा हो म्हणतो. मी तिला दोष दिला नाही, आजही देत नाही. तिला सर्वाधिकाराचा पासवर्ड देऊन ठेवणारा मीच होतो.

एम्प्टी दाबले की मशीन एकेक ओळ पुसत बसत नाही. जुनी फाइल टाकून देते आणि त्याच नावाची कोरी फाइल मांडते. लाखो ओळी डोळ्याचे पाते लवायच्या आत जातात ते यामुळेच. मायएसक्यूएलमध्ये हा हुकूम दिल्या क्षणी पक्का होतो, मागे घेण्याची सोय नाही. डिस्कवर मात्र जुन्या फाइलची जागा 'मोकळी' अशी खूण होऊन पडलेली असते, आणि तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत आतला मजकूर तसाच असू शकतो. म्हणून अशा वेळी पहिला नियम एकच : हात बाजूला घ्या, सर्व्हर बंद करा.

इथे तोही मोडला होता. संध्याकाळचे दूध घेऊन लोक दारात आले, कॅन उघडले, आणि त्या मुलीने रोजच्यासारख्या नोंदी घ्यायला सुरुवात केली. एकोणिसाव्या नोंदीनंतर तिने आदल्या दिवसाचा आकडा शोधला, तो मिळेना, तेव्हा ती रडायला लागली. आणि डिस्क एसएसडी होती, मीच मे महिन्यात मोठ्या कौतुकाने बसवलेली. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेली फाइल कधी कधी उकरून काढता येते. एसएसडीला विंडोज लगेच कळवते की ही जागा आता नको, आणि डिस्क ती आतून साफ करून टाकते. मी रात्री दोन तास उकरून पाहिले. शून्य निघाले.

दुसरी आशा बायनरी लॉगची. डेटाबेसमध्ये जो जो बदल होतो त्याची ही रोजकीर्द : अमुक वेळी अमुक ओळ आली, अमुक वेळी अमुक बदलली. एखादी जुनी प्रत आणि तिच्यानंतरचा सलग लॉग हाताशी असेल, तर प्रत उतरवून तिच्यावर लॉग पुन्हा चालवायचा आणि त्या घातकी हुकमाच्या क्षणभर आधी थांबायचे, की सारे जागच्या जागी. मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीपासून हा लॉग आपोआप सुरू असतो आणि मुद्दाम बदलले नाही तर तीस दिवस राहतो. आमच्याकडे ५.७ होती. तीत तो आपण सुरू करावा लागतो. मी केला नव्हता.

तेव्हा उरली ती प्रत. संस्थेचा रोजचा बॅकअप होता, म्हणजे तसा सर्वांचा समज होता. रात्री नऊ वाजता एक फाइल आपोआप तयार होऊन दुसऱ्या ड्राइव्हवर जायची. मी तो फोल्डर उघडला. रोजच्या तारखेची एकेक फाइल शिस्तीत उभी, आणि प्रत्येकीचे आकारमान शून्य. मशीन बदलल्यावर पासवर्ड बदलला होता आणि बॅकअपची आज्ञा जुन्याच पासवर्डने दार ठोठावत होती. शंभर रात्री तिने इमानाने रिकामी फाइल करून ठेवली होती.

इथे मला गिटलॅब आठवले. जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम जिथे ठेवतात अशी ती मोठी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याचा हुकूम दिला. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने तो थांबवला, पण तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या तजविजी होत्या आणि त्यातली एकही धड कामाला आली नाही. रोजची प्रत घेणारे साधन जुन्या आवृत्तीचे निघाले, त्यामुळे प्रत होतच नव्हती, आणि तसे कळवणाऱ्या मेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. शेवटी एकाने कामासाठी म्हणून योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेल्या प्रतीवर भागवावे लागले. त्या सहा तासांतले सुमारे पाच हजार प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि सातशे नवी खाती गेली. त्यांनी हे सारे लपवले नाही. दुरुस्ती चालू असताना ती जगाला थेट दाखवली. चिटणीसांना मी हा किस्सा सांगितला, अमेरिकेतल्या कंपनीचेही असेच झाले म्हणून. ते म्हणाले, त्यांना चवथ नसते.

माझ्या डिचोलीच्या दुकानात एक खण आहे. मेलेले माउस, अर्धवट केबली, नाव नसलेले पेन ड्राइव्ह त्यात पडून असतात. मे महिन्यात जुन्या मशीनवरून नव्यावर डेटा हलवताना मी पूर्ण डेटाबेसची एक प्रत एका पेन ड्राइव्हवर घेतली होती. काम झाल्यावर ती पुसायला हवी होती. आळसाने राहिली. या साऱ्या प्रकरणात उपयोगी पडलेली माझी ही एकच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पेन ड्राइव्ह सापडला. प्रत १७ मेची होती.

अशी प्रत मिळाली की हात शिवशिवतात : लाव मशीनला आणि उतरव. नेमके तेच करायचे नसते. मायएसक्यूएलची प्रत म्हणजे साधी मजकुराची फाइल. प्रत्येक टेबल कसे बांधायचे आणि त्यात कोणत्या ओळी भरायच्या हे हुकूम तीत क्रमाने लिहिलेले असतात. पण प्रत्येक टेबलाच्या हुकमांआधी आणखी एक हुकूम असतो : या नावाचे टेबल असल्यास आधी उडवा. ती फाइल चालत्या डेटाबेसवर सोडली असती, तर तिने संकलनाचे टेबल मेपर्यंतचे आणले असते खरे, पण सभासद, दर, चुकते केलेले पैसे ही शाबूत असलेली सारी टेबलेही उडवून मे महिन्यात नेऊन बसवली असती. वाचवायला आलेल्या फाइलच्या पोटात पुसण्याचा हुकूम असतो, हे माझ्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना पहिल्यांदा कळते ते चुकूनच.

म्हणून दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर कोरा डेटाबेस मांडला, वेगळ्या नावाचा, आणि प्रत तिथे उतरवली. टेबल आले, ओळी आल्या, आणि गावांची व माणसांची नावे म्हणून निव्वळ कचरा आला. उच्चारता न येणारी, वर टोप्या घातलेली युरोपी अक्षरे.

हा आपल्याकडचा जुना आजार आहे. युनिकोडमधले देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. जुना प्रोग्रॅम डेटाबेसशी लॅटिन पद्धतीने बोलत असेल, तर तो त्या तीन बाइटांना तीन वेगळी युरोपी अक्षरे समजतो. लिहिताना चूक आणि वाचताना तीच उलटी चूक, म्हणून पडद्यावर वर्षानुवर्षे नाव बरोबर दिसते. प्रत दुसरीकडे उघडली की बिंग फुटते. यावर उपाय आहे, कारण बाइट शाबूत असतात. त्यांना पुन्हा योग्य नावाने हाक मारायची. नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर मात्र हात टेकावेत. तिथे मूळ बाइटच गेलेले असतात आणि प्रश्नचिन्हातून 'केरी' परत येत नाही, की 'कोरगाव'ही. आमच्याकडे टोप्यांची अक्षरे होती. जेवायच्या वेळेपर्यंत नावे माणसात आली.

मग ओळी हलवायच्या. त्या एकोणीस नोंदींनी इथे खोडा घातला. टेबल रिकामे झाल्यावर मशीनने क्रमांक पुन्हा एकपासून मोजले होते, आणि जुन्या प्रतीतही एक ते एकोणीस होतेच. एकाच क्रमांकाच्या दोन ओळी टेबलात राहू शकत नाहीत, म्हणून मशीन अडून बसले. त्या एकोणिसांना उचलून शेवटचे क्रमांक दिले. हे सोपे होते.

अवघड गोष्ट मशीनने सांगितलीच नाही. चाचणी म्हणून एप्रिलचा एक पंधरवडा छापला आणि चिटणीसांपुढे ठेवला. त्यांनी बोट एका ओळीवर ठेवले. "याच्याकडे एकच गाय. हा दिवसाला बावीस लिटर कुठून घालणार?" शोधता शोधता कळले की जूनमध्ये संस्थेने खाते क्रमांक नव्याने लावले होते. मेमधला ३७ नंबर आज दुसऱ्याचा होता. मशीनच्या दृष्टीने ३७ नंबरचा सभासद आहे ना, मग सारे ठीक. एकाचे दूध दुसऱ्याच्या नावावर जमा होत होते आणि बेरजा चोख जुळत होत्या. जुन्या प्रतीतले सभासदांचे टेबलही उतरवून ठेवले होते म्हणून वाचलो. दोन्ही याद्या बँक खात्याच्या क्रमांकावरून एकमेकींना जोडल्या, आणि जुने ३७ नवे ५२ झाले.

या मातीत जुन्या प्रतींची गोष्ट फार जुनी आहे. गोव्याचा दप्तरखाना १५९५ साली स्थापन झाला आणि त्याचा पहिला रखवालदार म्हणून दियोगू दु कौतू या पोर्तुगीज इतिहासकाराची नेमणूक झाली. या माणसाइतका डेटा गमावलेला दुसरा माणूस मला ठाऊक नाही. पोर्तुगीजांच्या आशियातल्या कारभाराचा इतिहास तो 'दशकां'त लिहीत होता. सहावे दशक छापून झाले आणि छापखान्याच्या आगीत त्याच्या बहुतेक प्रती जळाल्या. सातव्याचे हस्तलिखित घेऊन पोर्तुगालला निघालेले जहाज वाटेत शत्रूच्या हाती पडले. त्याने ते पुन्हा लिहून पाठवले. आठवे आणि नववे तो आजारी असताना गोव्यातल्या त्याच्या घरातून चोरीला गेले. तेव्हा सत्तरीच्या घरात असलेल्या कौतूने, आठवणीत आणि हाताशी जे काही उरले होते त्यावरून ती संक्षेपाने पुन्हा सांगितली. १६१६ च्या डिसेंबरात तो गेला. पुढे विसाव्या शतकात आठव्या दशकाचे जुने, सविस्तर रूप हस्तलिखितांतून हाती आले आणि मारिया आउगुस्ता लीमा क्रूझ या संशोधिकेने ते १९९३-९४ मध्ये संपादून छापले. पावणेचारशे वर्षांनी मिळालेली प्रत! माझ्या शंभर दिवसांचे काय घेऊन बसलात.

त्याच दप्तरखान्यातले लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे मोसमी खंड, म्हणजे दर मोसमात जहाजांनी आलेगेलेले कागद, अठराव्या शतकात लिस्बनला मागवून घेतले गेले. साठांवर खंड गेले ते परत आले नाहीत. आज गोव्याच्या सोळाव्या-सतराव्या शतकांचा काही भाग वाचायचा तर लिस्बनच्या तोर्रे दु तोंबू या दप्तरखान्यात जावे लागते. त्याचीही गंमत आहे : १७५५ च्या भूकंपात त्याचा मूळ बुरूज कोसळला, पण कागद बव्हंशी ढिगाऱ्यातून बाहेर काढता आले. इकडे उरलेल्या कागदांची नीट यादी करून ती जगापुढे ठेवली पांडुरंग पिसुर्लेकरांनी. आमच्या डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे ते. सुमारे तीन दशके, १९६१ पर्यंत, त्यांनी हा दप्तरखाना सांभाळला आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांचे अस्सल कागद आपल्या हाती दिले.

डिचोलीच्या नावावर मात्र एक उलट पराक्रमही आहे. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'बिचोली संघर्ष' नावाचा लेख आला. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीच्या परिसरात युद्ध झाले, तह झाला, असे साडेचार हजार शब्द, संदर्भग्रंथांसह. लेखाला 'चांगला लेख' असा दर्जाही मिळाला. साडेपाच वर्षांनी, २०१२ च्या अखेरीस, एका वाचकाने ते संदर्भग्रंथ शोधले, तर तशी पुस्तकेच नव्हती. युद्धही नव्हते. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते आणि डिचोली आदिलशाहीत. तिसरी-चौथीतल्या मराठी पोरानेही पकडले असते, पण विचारतो कोण? लेख पुसला गेला. तोवर त्याच्या नकला इतरत्र पोचल्या होत्या आणि त्या राहिल्या. प्रत जपली गेली म्हणजे मजकूर खरा ठरत नाही. गोव्याला हे महाग पडलेले आहे. जुने दस्तऐवज बनावट तयार करून जमिनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले.

तर १७ मेपर्यंतचे दूध आले. पुढचे शंभर दिवस?

त्यातल्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतची बिले चुकती झाली होती, म्हणजे प्रत्येकाची पंधरवड्याची बेरीज पैशांच्या टेबलात शाबूत होती. पण रोजच्या ओळी नव्हत्या, आणि सरकारी आधारभूत रकमेचा दावा रोजच्या ओळींवर होतो. शेवटचे बारा दिवस तर कुठेच नव्हते, आणि चवथीला हातात पडायचे पैसे त्याच बारा दिवसांचे. डिचोलीच्या खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक विकून गाई घेतलेले लोक मला ठाऊक आहेत. पेडण्याकडेही कामधेनू योजनेतून कर्ज काढून उभे केलेले गोठे आहेत. त्यांना सांगायचे काय, की संगणक विसरला?

चिटणीसांनी सांगितले ते एवढेच : "उद्या सकाळी सगळ्यांनी कार्डे घेऊन या."

मशीन येण्याआधीपासून या संस्थेत प्रत्येक दूधवाल्याकडे एक पुठ्ठ्याचे कार्ड असते. रोज दोन वेळा त्यावर पेनाने लिटर आणि फॅट लिहायचे. मशीन आल्यावर छापील पावती निघायला लागली आणि मीच दोन वर्षांपूर्वी सुचवले होते की कार्ड बंद करा, दोनदा लिहिण्यात वेळ जातो. म्हातारी माणसे ऐकेनात म्हणून ते चालू राहिले. आता छापील पावत्या बाहेर आल्या, तर उष्णतेने छापणाऱ्या त्या गुळगुळीत कागदावरची जूनची अक्षरे पावसाळ्याच्या दमटपणात पार उडालेली. कार्डे मात्र होती. कुणाच्या देवघरात, कुणाच्या कॅनच्या झाकणाखाली, एक भाताच्या कणगीला टाचलेले. शेण, दूध आणि हळद यांचे डाग, पण निळी शाई वाचता येत होती.

हिशेब लिहिणारी मुलगी वाचत होती आणि मी टाइप करत होतो. ताळा घ्यायला आणखी एक कागद मिळाला : दूध उचलणाऱ्या गाडीची चलने. प्रत्येक खेपेला किती लिटर गेले ते त्यावर असते. त्या वेळच्या सर्व कार्डांची बेरीज, वजा गावात विकलेले दूध, बरोबर चलनाचा आकडा. जिथे फरक दोन-चार लिटरांचा तिथे पुढे गेलो, जिथे जास्त तिथे कार्ड पुन्हा पाहिले. तीनदा सातचा एक वाचला गेला होता. एका कार्डावर फॅटच्या जागी पोराने गणित सोडवले होते.

तिसऱ्या रात्री शेवटच्या बारा दिवसांची बिले निघाली. चवथीच्या आदल्या दिवशी, गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान घ्यायला बाजारात जाता जाता लोक पैसे घेऊन गेले. मे ते ऑगस्टच्या बाकी ओळी भरायला आम्हांला दसरा उजाडला.

त्यानंतर मुलीच्या लॉगिनमधून टेबल रिकामे करण्याचा अधिकार काढला. लॉग सुरू केला. रात्रीच्या फाइलचे आकारमान शून्य निघाले तर चिटणीसांच्या फोनवर संदेश जातो. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताजी प्रत माझ्या दुकानातल्या मशीनवर उतरवून एक पंधरवडा छापायचा, तो चिटणीसांनी डोळ्यांखालून घालायचा, असे ठरले. दोन रविवार चुकले, बाकी चालू आहे.

चुकत्या झालेल्या पंधरवड्यांची दोन कार्डे शेवटपर्यंत मिळाली नाहीत. एक पावसात गेले, दुसरे, मालकाच्या म्हणण्याप्रमाणे, वासराने खाल्ले. त्या दोघांच्या पंधरवड्याच्या बेरजा होत्याच. त्या दिवसांवर समान वाटून ओळी भरल्या, आणि प्रत्येक ओळीपुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : 'अंदाजे, कार्ड नाही.'

तो शेरा प्रोग्रॅममध्ये अजून दिसतो. कार्डेही अजून चालू आहेत.